सव्वा महिन्याची बांधणी

माझ्या उजव्या गुडघ्यात माझ्याच मांडीची एक दोरी आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी ती मांडीच्या मागच्या बाजूने काढली, दुहेरी केली आणि गुडघ्याच्या वरच्या-खालच्या हाडांना भोकं पाडून त्यांत ओवून बसवली. तिची ती जागा नव्हे, तिचं ते कामही नव्हे. तरी आज पन्नाशी ओलांडल्यावरसुद्धा मी पांढुर्ण्याच्या शाळेच्या मैदानात मुलींना कबड्डीची चढाई करून दाखवते, मुख्याध्यापिकाबाई कपाळाला हात लावतात, आणि ती दोरी मुकाट्याने आपलं काम करते. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकताना मला अजून रोज क्षणभर नवल वाटतं. माणसं देवळात जातात, मी गुडघ्यावरून हात फिरवते. आमच्या यांना हे वेडेपण वाटतं, आणि त्यांचंही चुकत नाही.

हे सगळं घडलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि आमचं घर रामाकोन्याला, रेल्वे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर होतं. बोरगावच्या सामन्यात चढाई करून परत फिरताना माझा पाय जमिनीत रोवलेला राहिला आणि बाकीची मी वळले. आतून ‘कट्’ असा आवाज आला, तुरीची वाळकी काडी मोडल्यासारखा. पुढे चार-सहा महिने तेल, पट्टे, जाणकारांची बोटं हे सगळं झालं. गुडघा मनात येईल तेव्हा निसटायचा. मला खेळाची शिक्षिका व्हायचं होतं, त्या कॉलेजच्या प्रवेशाला उन्हाळ्यात धावून दाखवावं लागे, आणि मी तर अंगणातून विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसायची. शेवटी बाबा मला नागपूरला घेऊन गेले.

बाबांबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्या हुशारीतून झाला. बाबांची संत्र्याच्या रोपांची नर्सरी होती. जंभेरीच्या आंबट, काटेरी रोपावर गोड संत्र्याचा डोळा बांधून कलम करायचं, हे त्यांचं काम, आणि सौंसर तालुक्यात त्यांच्यासारखा हात दुसरा नव्हता, असं लोक म्हणत. सालीवर चाकूने एक उभी आणि एक आडवी चीर, साल दोन्हीकडे हळूच उचलायची, तिच्याखाली नखाएवढा डोळा सरकवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. डोळा तेवढा उघडा ठेवायचा. मी लहानपणापासून ते बघत आले होते, पण दरवेळी श्वास रोखूनच बघायची. या कामाचे त्यांचे कायदे होते. बांधलेल्या वाफ्यात तीन आठवडे कुणी पाऊल टाकायचं नाही. बांधलेल्या रोपाकडे बोट दाखवायचं नाही, दाखवलं की ते कुजतं. आणि डोळा फुटून दोन पानं उघडेपर्यंत ‘जगलं’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. एकदा एका पाहुण्याने हौसेने म्हटलं, “वा, सगळे जगले की!” बाबांनी त्याला चहा पाजला, पण त्या साली रोपं दिली नाहीत.

तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. ही तुटलेली दोरी, ही नवी, ही इथून घेतली, इथे बसवली, आता शरीर हळूहळू तिच्यात रक्त पाठवेल आणि ती जिवंत होईल. बाबा खुर्चीच्या काठावर आले होते. त्यांचा चेहरा असा उजळला की मी दुखणं विसरले.

“म्हंजे डॉक्टरसाहेब, तुमी कलमच बांधलं म्हना ना!”

डॉक्टर हसले. “तसंच समजा, काका.”

बाबांनी तसंच समजलं. त्यानंतर आलेल्या व्यायामाच्या मॅडम, सडपातळ, चष्मा लावणाऱ्या, माझ्याहून पाच-सात वर्षांनीच मोठ्या, त्यांनी एक छापील कागद देऊन सांगितलं की आजपासूनच पाय हलवायचा, गुडघ्यामागची बाजू गादीत दाबायची, आणि काही झालं तरी गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. बाबा मान डोलवत राहिले. बाहेर आल्यावर आईला म्हणाले, “पोरगी चांगली हाय, पन तिनं जिंदगीत कवा कलम बांधलं हाय का?”

घरी आल्यावर माझा वाफा तयार झाला. पुढच्या खोलीत, खिडकीजवळ, नवारीच्या खाटेवर, उजव्या पायाखाली दोन उशा. डोळा बांधलेलं रोप तीन आठवडे हलवत नाहीत, तर माणसाचं कलम किती दिवस हलवू नये, यावर आई-बाबांनी खल केला. आईने बाळंतिणीचा हिशेब लावला. सव्वा महिना. झाडाचं शास्त्र आणि बाळंतिणीचं शास्त्र एकत्र आल्यावर त्यापुढे छापील कागदाची काय कथा! तो कागद बाबांनी पंचांगात घालून फळीवर ठेवला. टाकेसुद्धा सौंसरला काढून आणले, नागपूरच्या बसचे धक्के नकोत म्हणून.

त्या सव्वा महिन्यासारखे लाड माझे आधी झाले नव्हते आणि नंतर तर झालेच नाहीत. थंडी पडली होती. सकाळी आई डिंकाचा लाडू आणि गरम दूध घेऊन यायची, दुपारी भाकरीबरोबर जवसाची चटणी, कधी पाटोडीची रस्सेदार भाजी, संध्याकाळी मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा. शेंगा सोलायलाही मला हात हलवू देत नसत, जणू हाताचं आणि गुडघ्याचं आतून काही सूत होतं. खिडकीतून नर्सरी दिसायची. बाबा उकिडवे बसून ओळीने पुढे सरकत डोळे बांधत असायचे. दिवसातून काही वेळा छोट्या लाईनची गाडी शिट्टी मारत यायची, स्टेशनात दम खायची आणि पुन्हा खडखडत निघायची. ती छोटी गाडी आता गेली. मोठी आली, ती वेळेवर येते आणि वेळेवर जाते, तिच्याशी माझी ओळख नाही. गावातल्या बायका मला बघायला यायच्या. “कोनता पाय वो?” असं म्हणत कुणी बोट पुढे केलं की दारातूनच बाबांचा आवाज यायचा, “बोट नाही! बोट नाही दाखवाचं!” शेजारच्या काकू तर शेवटी हनुवटी पुढे करून पाय दाखवू लागल्या. मी हसून हसून लोळले असते, पण लोळायलाही बंदी होती.

आता एक गोष्ट लिहिते. ती मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. तो कागद मी वाचला होता. बाबा नर्सरीत आणि आई विहिरीवर असताना कुबड्या घेऊन मी फळीपर्यंत गेले, पंचांगातून कागद काढला आणि सगळा वाचला. उशीवर फुली मारलेलं चित्रही पाहिलं. मग खाटेवर येऊन गुडघा गादीत दाबून बघितला. डोळ्यांसमोर पांढरं झालं, इतकं दुखलं. कागद मी होता तसा ठेवला, उशा पायाखाली ओढल्या आणि बाबांचं शास्त्रच खरं, असं ठरवून टाकलं. भित्र्या माणसाला दुसऱ्याचं प्रेम फार सोयीचं असतं.

सव्वा महिना झाल्यावर आम्ही नागपूरला गेलो. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, डॉक्टरांना द्यायला संत्र्यांची पिशवी घेतली होती. कलम किती जपलं ते दाखवायला निघाले होते. मॅडमनी मला टेबलावर झोपवलं आणि गुडघ्याचा पट्टा सोडला. पाय सरळ कर म्हणाल्या. मी म्हटलं, केलाय. त्यांनी गुडघ्याखालून हात घातला, आणि त्यांची अख्खी मूठ आरपार गेली. मी मान उचलून पाहिलं. गुडघा वाकडाच होता, बैलगाडीच्या जुवासारखा. वर मांडी म्हणून जे होतं ते माझं नव्हतंच, इतकं बारीक. मॅडमनी मांडी आवळायला सांगितली. मी आवळली. काहीच झालं नाही.

“व्यायामाचा कागद दिला होता ना? वाचला नाही का?”

मी छताकडे बघत राहिले. बाबा म्हणाले, “मीच वर ठेवला जी. तिले कायी माहीत नाही.”

डॉक्टर आले. त्यांनी आवाज चढवला नाही, त्यानेच जास्त भीती वाटली. आत जाळं धरलंय, म्हणाले. तीन आठवडे देतो. गुडघ्याची मागची बाजू टेबलाला टेकली पाहिजे. नाही टेकली तर पुन्हा भूल देऊन आतलं जाळं कापावं लागेल, पाय दाबून सरळ करावा लागेल, आणि त्यात नवी दोरी टिकेल असं मी सांगू शकत नाही. दोरी गेली तर पळणं विसरायचं. संत्र्यांची पिशवी बाबांच्या मांडीवरच राहिली. ती परत घरी आली.

बसमध्ये सौंसर येईपर्यंत बाबा खिडकीबाहेर बघत नव्हते, आपल्या हातांकडे बघत होते. ज्या हातांनी हजारो रोपं जगवली, ते हात त्यांना परके झाले असावेत. मी शेजारी बसून एकच वाक्य मनात घोळवत होते, ‘बाबा, मी वाचला होता.’ रामाकोना आलं, तरी ते वाक्य मनातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला नर्सरीत बोलावलं. दवाखान्याच्या फेऱ्या सोडल्या तर सव्वा महिन्यात मी उंबरा ओलांडला नव्हता. कुबड्या टेकत गेले तर ते एका कोपऱ्यातल्या रोपापाशी बसले होते. त्या रोपाची पट्टी सोडायची राहून गेली होती, मागच्या वर्षीची. खोड वाढलं होतं आणि पट्टी आत रुतली होती. वर गाठ आली होती, खाली आवळून बारीक झालं होतं, पानं पिवळी पडली होती.

“हे पाह्य,” बाबा म्हणाले. “बांधाची अक्कल साऱ्यायले असते. सोडाची कोनाले नसते. मले सारी दुनिया विचारते, कवा सोडू बापू, कवा सोडू. अन् मी आपल्या घरच्या पोरीले बांधून ठेवलं.” त्यांनी चाकू माझ्यापुढे धरला. “काप तू.”

मी कुबडी खाली टाकली, बाबांच्या खांद्याला धरलं आणि वाकून पट्टी कापली. ती सालीतून ओढून काढावी लागली, तिथे खोल वळ राहिला होता. मग माझ्याच्याने राहवलं नाही.

“बाबा, मी वाचला होता तो कागद.”

ते बराच वेळ पट्टी बोटाला गुंडाळत राहिले.

“मले माहीत हाय,” म्हणाले. “पंचांगात उलटा ठेवला होता तू. तू दुखन्याले भेत होती, मी तुटन्याले भेत होतो. जमलं आपलं दोघायचं.”

मी रडले. ते रडले नाहीत, पण धोतराच्या सोग्याने त्यांनी चाकू नको तितका वेळ पुसला. मग उठून घरात गेले, पंचांगातला कागद काढला आणि भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, भाताच्या शितांनी चिकटवला.

त्या दिवसापासून आमचं घर बदललं. झोळ पडलेली खाट गेली, मागच्या खोलीतलं लाकडी तखत आलं. टाचेखाली घोंगडीची गुंडाळी, गुडघा अधांतरी, आणि त्याच्यावर आईने शिवलेली नदीच्या रेतीची थैली. त्या वजनाने गुडघा आपोआप खाली जायला हवा होता. दहा मिनिटं ठेवायचं, असं कागदावर होतं. घड्याळावर बाबांचा विश्वास नव्हता. त्यांनी गाडी धरली. गाडी स्टेशनात आली की थैली पायावर, गाडी सुटली की थैली खाली. बहुतेक वेळा हे बरोबर जमायचं. एक दिवस मात्र इंजिन बिघडलं की काय झालं कोण जाणे, गाडी सुटेचना. मी दात खाऊन, तखताच्या कडा धरून पडले होते. आई म्हणाली, “अवो, काढा ना ते, पोरगी मरून राहिली!” बाबा दारातून स्टेशनाकडे बघत म्हणाले, “गाडी उभी हाय.” शेवटी आईने थैली स्वतः उचलली आणि दोन दिवस बाबांशी बोलली नाही. पण गंमत अशी की त्या संध्याकाळी गुडघ्याखाली मूठ गेली नाही. आडवा तळवाच तेवढा गेला.

मांडीचं वेगळंच होतं. मी तिला सांगायची, आवळ. ती ऐकत नव्हती. आपल्याच देहाचा एक तुकडा आपलं ऐकत नाही, ही गोष्ट मला दुखण्याहून भयंकर वाटली. मी दिवसभर त्या गुडघ्याच्या वाटीकडे बघत बसायची. बाबाही बघायचे. डोळा फुटतो का बघताना जसे टक लावून बसत, अगदी तसेच, पापणी न हलवता. कितव्या तरी दिवशी, दुपारी, उन्हाची तिरीप पायावर आलेली असताना, वाटी किंचित वर सरकली. मुंगी चालल्याएवढं. मला वाटलं, भास झाला. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

“हालली,” ते कुजबुजले. “अजून एकडाव.”

मी पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा ती सरकली. आम्ही दोघं त्या खोलीत अशा चेहऱ्यांनी बसलो होतो की कुणी आलं असतं तर म्हणालं असतं, यांना काही दिसलं. खरंच दिसलं होतं. आत, अंधारात, कुणी न सांगता, रक्त आपली वाट शोधत होतं, तुटलेले निरोप पुन्हा पोचत होते. त्याआधी मी देह म्हणजे माझाच, असं धरून चालले होते. त्या दुपारनंतर मला तो कुणीतरी वापरायला दिलेल्या मौल्यवान वस्तूसारखा वाटू लागला, आणि अजूनही तसाच वाटतो.

रोज संध्याकाळी बाबा मोजायचे. गुडघ्याखालून तळवा जातो का. मग चार बोटं. मग तीन. दोन बोटांवर येऊन आठ दिवस गाडं अडलं, तेव्हा बाबांचं जेवण सुटलं. त्यांच्या ताटात भाकरी उरू लागली. एरवी नर्सरीत फिरताना ते गुणगुणायचे, तेही थांबलं. तीन आठवड्यांतले पाच दिवस उरले होते. मग एका सकाळी एकच बोट गेलं, आणि दोन दिवसांनी बोटही अडलं. तरी टेकलं म्हणायला बाबा तयार नव्हते. बोट जाड असतं, म्हणाले, बोटाचा काय भरवसा.

नागपूरला जायच्या आदल्या दिवशी दुपारी ते बागेतून आले. आंबिया बहर फुलला होता, सगळ्या गावात संत्र्याच्या फुलांचा वास कोंदला होता, त्यांच्या कपड्यांनाही तोच वास होता. हातात संत्र्याचं एक पान होतं, कोवळं, पातळ. मला तखतावर पाय लांब करायला सांगितला. पान त्यांनी गुडघ्याच्या मागे सरकवलं, देठ बाहेर ठेवला.

“आता आवळ,” म्हणाले.

मी मांडी आवळली. सगळा जीव एकवटून आवळली. टाच किंचित उचलली गेली, वाटी वर सरकली, मागून लाकडाचा थंड स्पर्श झाला. तो स्पर्श मला दोन महिन्यांनी होत होता. बाबांनी देठ दोन बोटांत धरला आणि ओढला. पान आलं नाही. त्यांनी पुन्हा ओढला, जरा जोरात. पान मध्येच फाटलं. अर्धं त्यांच्या हातात आलं, अर्धं माझ्या गुडघ्याखाली दबलेलं राहिलं.

बाबा त्या अर्ध्या पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी आईला हाक मारली. आई पिठाचे हात घेऊन धावत आली, घाबरलेली. आणि ज्या माणसाने अख्ख्या गावाला हनुवटीने पाय दाखवायला लावला होता, त्याने आपलं बोट सरळ केलं, माझ्या गुडघ्याकडे रोखलं आणि आईला दाखवलं.

“जगलं,” बाबा म्हणाले.